पाणी ओसरल्यावरची मदत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की कोल्हापूर, सांगली, चिपळूणच्या बातम्या आम्ही इथे ह्यूस्टनमध्ये बसून वाचतो आणि २०१९, २०२१ चे पूर आठवून पोटात गोळा येतो. आपल्याकडे मदत टेम्पो भरभरून येते हो, पण आठ-पंधरा दिवसांत आटते आणि घर उभं करायचं खरं काम तर तेव्हाच सुरू होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळ आलं, टेक्सासमध्ये एके ठिकाणी ६० इंचांच्या वर पाऊस पडला, इथे हजारो घरांत पाणी शिरलं आणि बहुतेकांकडे पुराचा इन्शुरन्स नव्हता, कारण घराच्या साध्या पॉलिसीत पूर धरतच नाहीत. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे चर्चची माणसं आली, बरीचशी रिटायर्ड. कार्पेट उचलून बाहेर टाकलं, मग भिंतीचं शीटरॉक, म्हणजे इथे आतल्या लाकडी सांगाड्यावर ठोकतात त्या जिप्समच्या शीट, जमिनीपासून बरोबर चार फुटांवर सरळ कापलं, का तर नवी शीट चार फूट रुंद असते, आडवी लावली की फिट बसते. बुरशीचं औषध मारलं, आणि आतलं लाकूड किती ओलं आहे ते मीटर लावून बघत राहिले, पूर्ण वाळल्याशिवाय भिंत बंद करूच दिली नाही. हे शिकलेल्या माणसांचं काम आहे, नुसत्या उत्साहाने होत नाही.

मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाची संस्था तर १९५० पासून हेच करतेय, माणसं आठवड्याला बदलतात पण काम महिनोन् महिने चालू राहतं. काहींना धर्मांतराची शंका येईल, तर आमच्या शेजाऱ्यांना काम झाल्यावर फक्त प्रार्थना केली तर चालेल का एवढंच विचारलं, पैसे नाहीत की धर्माची चौकशी नाही.

आपल्या गणेश मंडळांकडे पोरं आहेत, वर्गणी आहे, गावाचा विश्वास आहे. प्रत्येक मंडळाने चार पोरांना वायरिंग, प्लंबिंग, सुतारकाम शिकवावं, पंप आणि फावडी तयार ठेवावीत आणि पूर आला की एकच वाडी घ्यावी पण शेवटच्या घरात लाइट लागेपर्यंत सोडू नये. चिपळूण-सांगलीकडे असं कुणी आधीपासून करत असेल तर त्यांच्याबद्दल जरूर छापा, खर्चाला हातभार लावायची इथे आमच्यापैकी बऱ्याच जणांची मनापासून तयारी आहे.

आपला,
एक मराठी वाचक, ह्यूस्टन