'ठीक' आणि 'आहे'च्या मधला श्वास

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते, पण तुरीच्या काढणीत दिवस गेले. आज थ्रेशर दुसऱ्यांच्या वावरात गेलं, बाबा झोपले, म्हणून बसले. रागानं ठेवलास असं मी म्हणत नाही. पण "एका गाणाऱ्या बाईवरून तू माझं मरण काहून बघून राहिली" असं म्हणालीस ना, ते डोक्यातून जात नाही.

तुझ्या खोकल्याचं या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. त्या गाणाऱ्या बाईचं, नाझिया हसनचं लिहिते. ती तुला मी नीट सांगितलीच नाही कधी.

1980 ची दिवाळी झाली होती. दादानं ट्रान्झिस्टर धुऱ्यावरच्या बाभळीला अडकवला होता. मी आणि मोठी काकू एकेक ओळ धरून कापूस वेचत होतो. तुला ठाऊक आहे, सुकलेल्या बोंडाची टोकं नखाखाली कशी जातात. ओटी भरत आली होती आणि रेडिओवर 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' लागलं. मी सरळ उभी राहिले. काकू पुढे निघून गेली तरी मी तिथंच.

तोवर लताबाई ऐकायची, आशाबाई ऐकायची, आणि हे आपल्याला या जन्मी जमायचं नाही हे ठाऊक असायचं. ही पोट्टी मात्र विहिरीवर दोर ओढता ओढता मैत्रिणीनं गुणगुणावं तशी गात होती. तिच्यामागं आणखी एक तशीच पोट्टी अर्धा श्वास उशिरानं तेच गायची. मला कितीतरी दिवस त्या दोघी आहेत असंच वाटायचं. आबा म्हणाले, "हे गानं म्हन्ते का नाकातून बोल्ते?" नाकातून तर नाकातून. मला तो आवाज घरातला वाटला.

मग दादानं कुठूनसं वाचून आणलं. कराचीची आहे, लंडनला शिकते, वय पंधरा. जन्म 1965 चा, 3 एप्रिल. माझ्याच वर्षाची! माझी खरी तारीख कुणाला माहीत, शाळेत गुरुजींनी 1 जून लिहून टाकली, पण वर्ष तेच. त्या सिनेमाची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची होती, हे एवढंच बिद्दूचं. तो बिद्दूही आपल्याकडचाच, बंगलोरचा, लंडनला जाऊन राहिलेला. फिरोज खानला ती लंडनमध्येच भेटली आणि त्यानं तिला बिद्दूपुढे उभी केली. त्या एका गाण्यावर तिला फिल्मफेअर मिळालं, पंधराव्या वर्षी. त्याच वर्षी माझी दहावी अडली होती. मला तिचा हेवा वाटला नाही बाई, खरंच सांगते. आपल्यातल्या कुणाला तरी मिळालं असं वाटलं.

पुढच्या साली 'डिस्को दीवाने' हा तिचा गाण्यांचा अल्बम आला, त्यात तिचा भाऊ झोहेबही होता. दादा सरकारी कापूस खरेदीच्या, एकाधिकारच्या केंद्रावर कापूस घालून यवतमाळला गेला तो ती कॅसेट घेऊनच आला, आणि आबांच्या शिव्या खाल्ल्या. आम्ही ती इतकी वाजवली की फितीच्या मागची ती इवलीशी गादी निघून पडली आणि आवाज गेला. मग मी जुन्या घोंगडीचा नखाएवढा तुकडा कापला आणि बाभळीच्या डिंकानं चिकटवला. आवाज परत आला, पण जरा दबलेला. माझी नाझिया तेव्हापासून घोंगडीतूनच गाते. तिचा खरा आवाज किती मोकळा होता ते मागच्या उन्हाळ्यात बंटीनं मोबाईलवर लावून दिलं तेव्हा कळलं. तो म्हणे, "आजी, हे तर त्या पिक्चरमधलं गाणं आहे." 2012 च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये घेतलं होतं ना, आणि त्यात तिचा आवाज ठेवला होता. ती जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

त्या कॅसेटनं मला कान दिला, मनू. सेल उतरायला लागले की आवाज एवढासा जड व्हायचा. दादाला कळायचं नाही, मला पहिल्याच ओळीत कळायचं. रविवारी तू म्हणालीस, "आई, मी ठीक आहे गं." त्यात तू 'ठीक' आणि 'आहे'च्या मध्ये श्वास घेतलास. पूर्वी घेत नव्हतीस.

झालं, आलेच मी तिथं.

आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते. तुझी आजी चुलीपुढे कपाशीच्या पऱ्हाट्या जाळत आयुष्यभर बसली. तिचा खोकला आम्ही घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखा ऐकायचो, म्हणजे ऐकायचोच नाही. तालुक्याच्या एका दवाखान्यात तीन वेळा औषधाची बाटली देऊन परत पाठवलं, छातीचा फोटो काढा असं कुणी म्हणालं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सेवाग्रामला नेलं तेव्हा उशीर झाला होता. आपल्या आरोग्यवाल्या आशाताई घरोघर सांगतात, दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची. तुझा दिवाळीपासून आहे. मेट्रोची धूळ म्हणतेस. असेल धूळ. पण धूळ आहे हे तपासून कळू दे. आणि ते रात्री दोन-दोनपर्यंत जागणं, थंडगार खोलीत बसून काम करणं, जेवणाच्या वेळी चहा पिणं हे काय चाललंय? पैशासाठी इतकं? तोंडाला रुमाल बांध म्हटलं तर हसतेस, पण...

नाही, खोडत नाही, राहू दे. पण रागावू नको. ज्या पोरीनं बाबांच्या बोअरचे पैसे न विचारता पाठवले, जी त्या कुलकर्ण्यांच्या लग्नात मला सगळ्यांपुढे "ही माझी आई, कापूस वेचते" म्हणाली, तिला मी जागू नको, वेळेवर जेव असं शिकवते आहे. माझं चुकलं. जावईबापूंना यातलं काही बोललेले नाही, तूही सांगू नको.

तुला ऑगस्ट 2000 आठवतो का? तू नऊ वर्षांची होतीस. राखीच्या आगेमागे पेपर आला, त्यात आतल्या पानावर बातमी होती. लंडनमध्ये 13 तारखेला गेली. फुप्फुसाचा कॅन्सर. पस्तीस वर्षांची. 1992 च्या 'कॅमेरा कॅमेरा' या अल्बमनंतर तिनं गाणं सोडलंच होतं. कायदा शिकली, युनोत काम केलं, लग्न झालं, लहानगं लेकरू होतं. मी तो पेपर हातात धरून ओट्यावर बसले होते. तू येऊन विचारलंस, "कोण मेलं?" मी म्हणाले, "माझी मैत्रीण." तू म्हणालीस, "मग जायचं नाही का?" बाबांनी त्या रात्री काही न विचारता पिठलं टाकलं. आणि दादाला त्या वर्षी मी राखी बांधली तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. ती दोघं बहीणभाऊ एकत्र गायची ना.

कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. एकदाही भेट नाही, ती कुठली, मी कुठली. पण माझ्या वयाची, माझ्या कानाशी वीस वर्षं गाणारी बाई त्या दिवशी गेली, आणि आज पंचवीस वर्षं झाली तरी 3 एप्रिलला मी ती कॅसेट काढून पुसते. टेप बंद पडला आहे. नुसती पुसते.

या आखाडात तुला पस्तीस पूर्ण होतील. हे मी मोजायला नको होतं. पण मोजलं, आणि रविवारपासून मोजतेच आहे.

शेजारचा गोलू शुक्रवारी पुण्याला परत जातो आहे. त्याच्याजवळ नवीन तुरीची डाळ, जवसाची चटणी आणि बंटीसाठी बोरकूट पाठवते. डाळीला ऊन दाखवून ठेव. छातीचा फोटो काढलास की त्याचा मोबाईलवर फोटो पाठव. मला त्यातलं काही कळणार नाही, तरी पाठव.

तुझी,
आई