रिपोर्टमधलं फील्ड काढायला गेले आणि डेटाबेसमधली चार रेकॉर्ड उडाली, याबद्दल तक्रार

नमस्कार,

आधीच्या दोन तिकिटांना (तक्रारींना) तुमच्याकडून तेच उत्तर आलं, कॅश क्लिअर करा आणि पुन्हा लॉगिन करा, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, आणि कृपया हे पूर्ण वाचून मगच कोणीतरी उत्तर द्या.

मी तुमचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर तीन वर्षं वापरतेय, म्हणजे अगदीच नवखी नाही. डिटेल बँडमध्ये (प्रत्येक रेकॉर्डसाठी छापला जाणारा भाग) काय ठेवायचं, पेज हेडरमध्ये (प्रत्येक पानाच्या वरचा भाग) काय, हे मला कळतं (सुरुवातीला एकदा ग्रँड टोटल ग्रुप फूटरमध्ये, म्हणजे प्रत्येक गटाच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या भागात, टाकून प्रत्येक सप्लायरच्या खाली "एकूण" छापून बसले होते, ती माझी चूक, त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाहीये). आमच्या स्टोअरचा महिन्याचा स्टॉक रिपोर्ट मीच काढते, वस्तूचा कोड, नाव, सप्लायर, आवक, शिल्लक, दर, बस एवढंच, काही रॉकेट सायन्स नाही.

आता झालं काय ते सांगते. डिझायनरमध्ये, म्हणजे रिपोर्टची मांडणी करायच्या स्क्रीनवर, वर रिपोर्टचा आराखडा असतो आणि खाली डेटाची ग्रिड, म्हणजे ओळी-कॉलमांचा तक्ता असतो. आधी ती ग्रिड फक्त बघण्यापुरती होती, काही बदलायला गेलं तर बदलायचंच नाही. मागच्या अपडेटपासून तुम्ही ती एडिट करता येईल अशी केलीत आणि मोठ्या कौतुकाने सांगितलंत की आता डिझायनर न सोडता रेकॉर्ड दुरुस्त करा. मला रिपोर्टमधून "जुना दर" हे फील्ड काढायचं होतं, त्यावर क्लिक केलं, त्याच्याभोवती निळी चौकट आली, मग खात्री करावी म्हणून खाली ग्रिडमध्ये एका ओळीवर क्लिक करून बघितलं की हा जुनाच दर आहे ना, आहे, मग डिलीट दाबलं. वरची निळी चौकट तशीच होती हो! फील्ड काही जाईना म्हणून परत दाबलं, परत दाबलं, चार वेळा दाबलं. फील्ड जागच्या जागी आणि खाली ग्रिडमधली चार रेकॉर्ड गायब. नुसती ग्रिडमधून नाही, खऱ्या टेबलातून. ना "नक्की का" असं विचारलं, ना कुठे सेव्ह दाबावं लागलं.

आणि यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे कंट्रोल झेड. घाबरून ते दाबलं तर काय परत आलं माहितीये? दहा मिनिटांपूर्वी मी डावीकडे सरकवलेलं "शिल्लक" हे लेबल परत उजवीकडे गेलं. म्हणजे तुमचं अनडू फक्त आराखड्याला ओळखतं, डेटाला नाही, पण डिलीटचं बटण मात्र दोघांना सारखंच ओळखतं. आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून तीन रेकॉर्ड परत मिळाली, चौथं त्याच सकाळी टाकलेलं होतं, ते कागद शोधून हाताने भरावं लागलं, आणि त्या कागदावरचा कोड नीट वाचता येत नव्हता तो वेगळाच ताप.

तुमच्या सपोर्टचं म्हणणं की डेटा एडिट करणं ही युजरची जबाबदारी. मान्य, पण मी डेटा एडिट करत नव्हते ना, मी रिपोर्टची मांडणी करत होते. एकाच स्क्रीनवर दोन कामं ठेवलीत तर सध्या कुठल्या कामात आहोत ते दिसायला नको का?

दुसरा प्रकार याच ग्रिडमधला. ग्रिडला जी क्वेरी (डेटाबेसमधून डेटा मागवणारी आज्ञा) लागलीये तिच्यात आवकीचं टेबल आणि सप्लायरचं टेबल जोडलेलं आहे, त्यामुळे सप्लायरचं नाव प्रत्येक आवकीसमोर पुन्हा पुन्हा दिसतं. एका आवकीवर चुकीचा सप्लायर पडला होता, सहकाऱ्याने त्या ओळीतलं नाव खोडून बरोबर नाव टाईप केलं. झालं, त्या सप्लायरच्या सगळ्या ३७ ओळींवर नवीन नाव! आता डेटाबेसच्या हिशेबाने हे बरोबरच आहे हे मलाही कळतं, नाव सप्लायरच्या टेबलात एकाच जागी असतं, आवकीत फक्त त्याचा नंबर असतो, बदलायला हवा होता तो नंबर. पण ग्रिडमध्ये समोर दिसताना ती साधी एक चौकोनी जागा दिसते, ती दुसऱ्या टेबलातून आलीये हे कळायला काहीच खूण नाही. जोडलेल्या टेबलातून आलेला कॉलम करड्या रंगात दाखवा, नाहीतर "या बदलाने ३७ ओळी बदलतील" एवढं एक वाक्य तरी दाखवा, आकडा तर डेटाबेसला विचारला की मिळतो.

आमच्या ओळखीतल्या एका डेटाबेसवाल्याने सुचवलं की रिपोर्टसाठी वेगळा युजर कर आणि त्याला फक्त वाचायची परवानगी दे, म्हणजे कोणी काहीही दाबलं तरी डेटाला धक्का लागणार नाही. मस्त उपाय, मी लगेच केला. तर तुमचं सॉफ्टवेअर आराखडाच सेव्ह करेना, कारण म्हणे त्याला स्वतःच्या सेटिंगचं टेबल आमच्याच डेटाबेसमध्ये ठेवायचंय आणि त्यासाठी लिहायची परवानगी पाहिजे!! रिपोर्ट काढणाऱ्याला डेटा वाचता आला की पुरे, तुमची सेटिंग ठेवायला आमचं टेबल कशाला?

आता फील्डच्या मांडणीबद्दल, याने डेटा जात नाही पण दिवस जातो. मधला एक कॉलम रुंद केला की उजवीकडचे सरकत नाहीत, एकावर एक चढतात. ते एकेक करून सरकवायचे, आणि वरच्या पेज हेडरमधली लेबलं फील्डला बांधलेली नसतात म्हणून ती परत वेगळी सरकवायची. माऊसने सरकवताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, छापल्यावर ते दिसतही नाही, पण एक्सेलला एक्सपोर्ट केलं की लेबलाची डावी कड आणि फील्डची डावी कड जुळली नाही म्हणून मध्ये धाग्याएवढा बारीक रिकामा कॉलम तयार होतो आणि सेल मर्ज होऊन बसतात, मग सॉर्ट लावायला गेलं की होत नाही. मागच्या वेळी सहा कॉलमांच्या रिपोर्टचे अकरा कॉलम झाले होते. वर वस्तूचा कोड ००४२७ असेल तर एक्सपोर्टमध्ये ४२७ होतो, कारण तुम्ही आकडे दिसले की नंबर समजता. कोड ही बेरीज करायची गोष्ट नाही हो.

आणि ती कोरी पानं. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना १० चं मार्जिन, म्हणजे उरले १९०. शेवटचं फील्ड ओढताना चुकून १९२ पर्यंत गेलं तर प्रत्येक पानानंतर एक कोरं पान, १२ पानांचा रिपोर्ट २४ पानांचा. हे मला शोधायला अर्धा दिवस लागला. डिझायनरला कागदाची रुंदी माहिती असते, मार्जिन माहिती असतं, मग ते फील्ड लाल करायला काय जातं?

माझी मागणी फार नाही. ग्रिड मुळात फक्त वाचण्यापुरती ठेवा, एडिट करायचं असेल त्याने मुद्दाम चालू करावं. रेकॉर्ड पुसताना विचारा, किती ओळी जाणार ते सांगा. वाचायच्या परवानगीवर सॉफ्टवेअर चालू द्या. लेबल आणि फील्ड एकत्र सरकू द्या. यातलं काय होणार, काय नाही आणि कधी, ते मला लेखी कळवा, आमचं लायसन्स रिन्यू करायचं बिल या महिन्यात पुढे जायचंय आणि तुमचं उत्तर येईपर्यंत ते मी थांबवून ठेवलंय.

तोपर्यंत मी डिझायनर उघडला की आधी खालची ग्रिड ओढून बंद करते, आणि कीबोर्डच्या डिलीटवर चिकटपट्टी लावलीये, ही खरी गोष्ट आहे, हवा तर फोटो पाठवते.