विक्रांतचं विमान

आरमोरी तालुका,
श्रावण, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "आता या वयात विमान कायले करून राहिली वो माय?" आणि तेवढ्यात रेंज गेली. माझं उत्तर राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. बाबांना तूच वाचून दाखव. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिना झाला नाही, डोळ्याला ताण नको.

बाबा, फडताळात वरच्या फळीवर तुमचं लाकडी विमान असायचं. १९७१च्या डिसेंबरात, पारावरच्या रेडिओवर विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बातम्या ऐकून तुम्ही चौदाव्या वर्षी सागाच्या तुकड्यातून ते कोरलं होतं. नाकावर पत्र्याचा पंखा होता, फुंकर मारली की फिरायचा. दादा शहरात शिकायला गेला आणि सुट्टीत येऊन म्हणाला, "बाबा, विक्रांतवर जेट होती, त्यांना पंखा नसतो." तुम्ही "असन" एवढंच म्हणालात. पण त्या दिवसापासून ते विमान तुम्ही कोणाला काढून दाखवलं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला आठवतं.

मागच्या दिवाळीत आम्ही गोव्याला गेलो होतो, तेव्हा तुमचे जावई मला बोगमाळ्याच्या नौदल हवाई संग्रहालयात घेऊन गेले. तिथे मोकळ्यावर सी हॉक उभं आहे. इंग्लंडच्या हॉकर कंपनीचं, एकाच माणसाचं लढाऊ जेट. ४ डिसेंबर १९७१च्या सकाळी विक्रांतवरून उडून याच जातीच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारच्या धावपट्टीवर हल्ला केला आणि मग चितगावच्या बंदरावर. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते, पूर्ण वेग घेता येत नव्हता, तरी ते जहाज बंगालच्या उपसागरात गेलं आणि विमानं उडवत राहिलं. मी त्या विमानाभोवती फिरले, जवळ उभी राहिले. दादा म्हणाला ते खरं होतं, त्याला पंखा नाही.

पण त्याच संग्रहालयात दुसरं एक विमान आहे. अलिझे. फ्रान्सचं, पाणबुड्या हुडकायचं, तीन माणसांचं. त्याच्या नाकावर हा एवढा मोठा पंखा! तेही विक्रांतवरच होतं, तेही १९७१च्या लढाईत उडालं. बाबा, तुमचं चुकलं नव्हतं. मी तिथेच रडले. तुम्हाला फोनवर सांगणार होते, पण ही गोष्ट फोनवर सांगायची वाटली नाही.

घरी आल्यावर सी हॉकचा किट मागवला, म्हणजे घरी जोडायचं छोटं प्लास्टिकचं विमान. बहात्तरपट लहान. खरं विमान बारा मीटर लांब, माझं जेमतेम सतरा सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या वितीपेक्षा लहानच. उपकेंद्राची ओपीडी आटोपली, लेकरं झोपली की बसते. प्लास्टिकचे भाग एका जाळीला चिकटून येतात, ते एकेक कापून कानशीने घासायचे. आधी पायलटची जागा करायची, कारण धड जोडल्यावर आत हात जात नाही. खुर्चीचे पट्टे मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चांदीतून कापले, एकेक मिलिमीटर रुंद. सुईच्या टोकाने उचलून बसवले. वीस वर्षं लहान बाळांना इंजेक्शन दिलं आहे, हात हलत नाही. बाबा, हा हात तुमचाच आहे.

नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. वैनगंगेवरच्या एका ढिवर दादांकडून जाळ्याच्या शिसाच्या चार गोळ्या आणल्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. विमान होऊ द्या, मग दाखवायला आणा, एवढंच म्हणाले.

या विमानाची एक गंमत तुम्हाला फार आवडेल. इंजिन पोटात आहे, पण त्याचा झोत शेपटीतून निघत नाही. आत त्याचे दोन फाटे होतात आणि पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतात. त्यामुळे शेपटीकडची जागा मोकळी राहते आणि तिथे इंधनाची टाकी बसते. जिथे लाकूड वाचतं तिथे ते वाचवायचं, हे तुम्ही बंडीच्या साटीत करायचे, तसंच. पण तेच दोन फाटे जोडताना फट राहिली. लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. चारशेचा पॉलिश पेपर, मग सहाशे, मग हजार, पाण्यात बुडवून. डोळ्याला सगळं सपाट दिसत होतं. मग आठवलं, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल झाले की तुम्ही एकेक उचलून डोळे मिटायचे आणि त्याची पाठ गालावरून फिरवायचे. कुठे खरबरीत लागलं की माझ्याकडे द्यायचे, "इथं अजून." मी विमान गालावर घेतलं. डाव्या पंखाच्या मुळाशी एक केसाएवढी रेघ लागली. ती डोळ्याला कधीच दिसली नसती.

बाबा, तुम्ही मला कधी रंधा धरू दिला नाही. पटाशीही नाही. दादाच्या हातात जबरदस्तीने द्यायचे आणि तो टाकून पळायचा. मी मागायची तेव्हा आजी म्हणायची, पोरीच्या हातात रंधा कशाला, आणि तुम्ही गप्प राहायचे. त्याचं मला खूप वर्षं लागून राहिलं होतं. पण पॉलिश पेपर तुम्ही मलाच दिलात. शेकडो बैल मी घासले असतील. घासणं म्हणजे हलकं काम, पोरीचं काम, असं मी तेव्हा समजायची. आता कळतं, तुम्ही रंगाच्या आधीचं सगळं माझ्यावर सोपवलं होतं.

रंगाचं मात्र माझं चुकलं. मे महिन्यात दुपारी सुट्टी मिळाली म्हणून तेव्हाच एअरब्रश, म्हणजे हवेने रंग फवारायचा ब्रश, चालवला. पंचेचाळीसच्या वर ऊन. रंग विमानाला लागण्याआधी हवेतच वाळला आणि अंगावर रेती पेरल्यासारखा बसला. "उन्हात रंग मरते" हे तुमचं वाक्य शंभरदा ऐकलेलं, तरी! सगळं घासून काढलं, आठ दिवस गेले. मग पहाटे पाचला उठून मारू लागले. पोटाकडून आधी फिका, बदकाच्या अंड्यासारखा हिरवट. तो दोन दिवस वाळू दिला, कडेला टेप लावली आणि वरून गडद करडा. करडा म्हणजे आपल्या वावरातल्या मातीसारखा, पहिल्या पावसानंतर ढेकूळ फुटल्यावर आत जो निळसर काळा दिसतो ना, तोच. टेप काढली तेव्हा दोन रंगांमधली रेघ इतकी स्वच्छ निघाली की मी लेकरांना झोपेतून उठवून दाखवली.

पावसाळ्यात वॉर्निशवर पांढरं धुकं आलं. हवेतल्या ओलीने येतं. कोरडा दिवस पाहून पुन्हा पातळ हात मारला, तेव्हा गेलं.

किटमधली चिन्हं ब्रिटिश नौदलाची होती, आपली वेगळी मागवली. पाण्यात भिजवून सरकवायची असतात. डाव्या बाजूचं तिरंगी चक्र सरकवतानाच फाटलं. ते मी हाताने रंगवलं आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. आधी सगळं पांढरं, मग मधे हिरवं, शेवटी बाहेरचं केशरी कडं. जवळून पाहिलं तर कडं एका जागी जाड आहे. पुसून पुन्हा करू का, हे मी ठरवलेलं नाही. तुम्ही गालाला लावून, डोळ्याने पाहून सांगा, तुम्ही म्हणाल तसं करीन.

एकच काम बाकी ठेवलं आहे. पायलटच्या काचेवरची टेप अजून काढलेली नाही. बैलांचे डोळे तुम्ही नेहमी सगळ्यात शेवटी काढायचे, पोळ्याच्या आदल्या रात्री, कंदील जवळ ओढून. ही टेप मी तुमच्यासमोर काढणार आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसने येते, तान्ह्या पोळ्यापर्यंत राहीन. रजा मंजूर झाली आहे. आई, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, पुरणपोळी होईलच, आणि अंबाडीची भाजी असली तर ठेव. बाबांच्या डोळ्याचे थेंब दिवसातून चारदा, विसरू नकोस. त्यांना धुरात बसू देऊ नकोस.

बाबा, एक फळी हवी आहे. सागाची, जुनी, तडा न गेलेली. लांबी दीड फूट, रुंदी आठ इंच. कापून मात्र ठेवू नका. रंधा मी मारीन, तुम्ही बाजेवर बसून सांगा. त्यावर विक्रांतच्या डेकच्या पांढऱ्या रेघा मारायच्या आहेत. सी हॉक उजवीकडे राहील. डावीकडे तुमचं अलिझे. फडताळातून काढून ठेवा आणि पंख्याला तेलाचा एक थेंब द्या, फिरला पाहिजे.

तुमची लेक