सर्व्हेचा फॉर्म भरून घेतला, पुढे काय?

मा. संपादक,
स. न.

हॉस्पिटलमधल्या स्टाफची एंगेजमेंट, म्हणजे स्टाफ कामात किती मनापासून गुंतलेला आहे, ती सर्व्हे घेऊन मोजण्या-वाढवण्याबद्दल तुमच्या पेपरात लेख आला होता तो वाचला. लेख चांगला आहे, पण तो एचआरच्या केबिनमध्ये बसून लिहिल्यासारखा वाटला. मी उभी नोकरी वॉर्डात काढली, आधी स्टाफ सिस्टर आणि नंतर इन्चार्ज, त्यामुळे हे सर्व्हे मी दोन्ही बाजूंनी बघितलेत, भरलेतही आणि भरून घेतलेतही.

बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर फॉर्म येतात नेमके हॅन्डओव्हरच्या वेळी, म्हणजे एक शिफ्ट दुसरीकडे काम सोपवते तेव्हा. नाईट करून निघालेली सिस्टर, डोळे चुरचुरतायत, बस पकडायचीय, आणि हातात फॉर्म, वर इन्चार्ज समोरच उभी की संध्याकाळपर्यंत सगळे वर पाठवायचेत. फॉर्मच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की नाव लिहू नये, आणि लगेच खाली विभाग, पद, वय, नोकरीची वर्षं, स्त्री की पुरुष! अहो, आयसीयूत ब्रदर (पुरुष नर्स) एकच असेल तर त्याचं नाव वेगळं लिहायची गरजच काय? मग तो बिचारा सगळीकडे "पूर्णपणे सहमत" वर टिक करतो आणि घरी जातो, आणि मीटिंगमध्ये स्लाईड लागते की आमचा स्टाफ खूश आहे.

मोजायची साधनं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. एंगेजमेंट मोजायचं युट्रेक्ट स्केल म्हणून एक आहे, १७ प्रश्नांचं, त्याचं छोटं रूप ९ प्रश्नांचं. त्यात कामातला उत्साह, कामाशी असलेली बांधिलकी आणि कामात गढून जाणं या तीन गोष्टी बघतात, आणि "असं किती वेळा वाटतं" असं विचारतात, कधीच नाही पासून रोज पर्यंत. त्यातला एक प्रश्न साधारण असा की सकाळी उठल्यावर कामाला जावंसं वाटतं का (नाईटवाल्यांनी हा प्रश्न कसा सोडवायचा ते विचारू नका). पगार-रजा ठीक आहे म्हणून कुरकुर न करणारा माणूस आणि कामात जीव ओतणारा माणूस या दोघांत फरक असतो, तो निदान अशा प्रश्नांमधून थोडा तरी दिसतो. इंग्लंडमध्ये एनएचएसचा (तिथली सरकारी आरोग्यसेवा) स्टाफ सर्व्हे २००३ पासून दरवर्षी होतो, त्यात एंगेजमेंटचा आकडा १० पैकी काढतात आणि तो हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेवार जाहीर करतात, म्हणजे कोणालाही बघता येतो. त्यात एक प्रश्न मला फार आवडतो: तुमच्या जवळच्या माणसाला उपचाराची गरज पडली तर इथे मिळणाऱ्या उपचारावर तुम्ही समाधानी असाल का? या प्रश्नावर थाप मारणं जड जातं हो.

पण सर्व्हे वर्षातून एकदा, वॉर्ड मात्र रोज चालतो. खरं बघायचं असेल तर फॉर्मशिवायही बरंच दिसतं. नवीन लागलेल्या मुली पहिल्या वर्षातच का सोडून जातात, आजारपणाच्या रजा ठराविक एकाच वॉर्डात का वाढतात, कुठल्या वॉर्डात बदली म्हटलं की लोक हातापाया पडतात, हे सगळं ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आधीपासूनच असतं, कोणी ते एकत्र ठेवून बघत नाही एवढंच. आणि चुकांच्या रिपोर्टचं तर उलटंच आहे. एखाद्या वॉर्डातून महिनोन्महिने एकही इन्सिडंट रिपोर्ट आला नाही की मॅनेजमेंट त्या वॉर्डाला शाबासकी देतं, मला मात्र तिथेच शंका येते. औषधाचा डोस चुकता चुकता वाचला असे प्रसंग प्रत्येक वॉर्डात होतात, ते लिहून यायला पाहिजेत, येत नसतील तर लोक घाबरतायत आणि सिनियरसमोर तोंड उघडत नाहीत असा त्याचा अर्थ. जिथे ज्युनियर सिस्टर डॉक्टरला बिनधास्त म्हणू शकते की सर, हा डोस जरा परत बघाल का, तो वॉर्ड चांगला, मग सर्व्हेत त्याचे मार्क काहीही येवोत.

आता सुधारणा. इथे तर आनंदीआनंदच आहे. स्कोर कमी आला की योगा, स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर, नर्सेस डेला केक. योगाला माझा विरोध नाही, पण डबल ड्युटी करून थकलेल्या बाईला ड्युटीनंतर थांबवून "रिलॅक्स व्हा" सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी. म्हणजे उपचार कोणावर करायला पाहिजे ते उघड आहे, पण आपण अजून माणसालाच दुरुस्त करत बसलोय. आणि माणसं कमी असतील तर काय होतं हेही काही गुपित नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ साली छापून आला, त्यात एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली, आणि नर्सेसचं बर्नआउटही त्यासोबत वाढलेलं दिसलं. तिथे केक काय करणार?

भरतीचा निर्णय वरचा, तो इन्चार्जच्या हातात नसतो हे मान्य. पण हातात असलेलं तरी करा. हवाईमधल्या एका हॉस्पिटल ग्रुपने २०१७ मध्ये स्टाफला सरळ विचारलं की कॉम्प्युटरवरच्या नोंदींमध्ये बिनकामाचं काय काय आहे ते कळवा, आम्ही काढून टाकतो. नर्सला दर तासाच्या राउंडची टिक करावी लागायची, एका टिकला साधारण २४ सेकंद, ती काढली तर त्यांच्या चार हॉस्पिटलांत मिळून महिन्याला सुमारे १७०० नर्सिंग तास वाचले. एक टिक काढली फक्त! आपल्याकडे एकच बीपी आधी टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता), मग रिपोर्ट बुकमध्ये आणि कॉम्प्युटरवर असं तीनदा लिहिणं चालू असतं, इन्फ्युजन पंप (औषध ठराविक वेगाने शिरेत सोडणारं यंत्र) हवा असला की शेजारच्या वॉर्डात शोधत फिरायचं, आणि ड्युटी लिस्ट लागणार आदल्या संध्याकाळी, म्हणजे घरच्यांना उद्याचं काही सांगायची सोय नाही. लिस्ट महिनाभर आधी लावायला खर्च शून्य आहे, तरी होत नाही, कारण "तुम्हाला कामात काय आडवं येतं" हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नसतं.

आणखी एक, मावशी, वॉर्डबॉय, सिक्युरिटी, किचनवाले हे कंत्राटी म्हणून त्यांना फॉर्म मिळतच नाही. पेशंटला कूस बदलून देणारी मावशी स्टाफमध्ये धरायचीच नाही आणि एंगेजमेंट मोजली म्हणायचं, हे कुठलं गणित?

तेव्हा जे हॉस्पिटलवाले तुमचा पेपर वाचत असतील त्यांना सांगणं एवढंच, सर्व्हे जरूर घ्या, पण ड्युटीच्या वेळात घ्या, बंद पेटीत घ्या, आणि जिथे मोजकीच माणसं आहेत तिथे पद आणि वय विचारू नका. निकाल वॉर्डात लावा, फक्त बोर्डाच्या मीटिंगमध्ये नको. आणि गेल्या वेळी लोकांनी लिहिलेल्या तक्रारींपैकी कुठली सुटली, कुठली नाही आणि का नाही, हे नवीन फॉर्मच्या पहिल्याच पानावर छापा, ते पान कोरं राहणार असेल तर त्या वर्षी सर्व्हे घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर