सोयाबीनच्या वाणासोबत गाठींचा हिशेबही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की बीजप्रक्रियेचे सल्ले छापून येतात : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (पाकिटात मिळणारे, मुळांवर गाठी करून हवेतला नत्र रोपाला पुरवणारे जिवाणू), सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. सल्ला योग्यच आहे. पण मुळांवर गाठी धरणे हे एकट्या पाकिटाचे काम नव्हे. कोणत्या जिवाणूला आत घ्यायचे आणि किती गाठी होऊ द्यायच्या, हे रोपाची जनुकेही ठरवतात.

‘हार्डी’ या जुन्या वाणात आरजे-२ हे जनुक आहे. यूएसडीए-१२२ या जिवाणूचे नॉप-पी प्रथिन ओळखून ते त्याला अडवते. त्याच प्रथिनात थोडा बदल असलेल्या जिवाणूला मात्र वाट मिळते. ‘ब्रॅग’पासून काढलेल्या काही उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) रोपांत नार्क जनुक बिघडलेले आहे. गाठींवरचा लगामच सुटतो, मुळे गाठींनी लगडतात आणि रोप खुरटते. तेव्हा नुसती संख्या मोजणे फसवे.

अशी जनुके शोधण्याचे काम चिकाटीचे आहे. गाठींत ठळक फरक असलेल्या दोन वाणांचा संकर करायचा. दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक झाडाचे एकेक बी पुढे नेत सहा-सात पिढ्यांत दीड-दोनशे स्थिर ओळी, म्हणजे पिढ्यानपिढ्या गुण न बदलणारे वंश, तयार करायच्या. दुसऱ्या पिढीतले झाड खणले की संपले; स्थिर ओळ मात्र चार शेतांत, चार वर्षे पेरता येते. ज्या डीएनए मार्करबरोबर (डीएनएवरच्या ओळखखुणेबरोबर) गाठींचे वजन सातत्याने कमी-जास्त होते, त्याच्या आसपास जनुक असते. सोयाबीनचा जीनोम (संपूर्ण डीएनएचा आराखडा) २०१० पासून हाताशी आहे. घोडे अडते ते शेतातल्या मोजणीत.

आपल्या काळ्या जमिनीत रोप हाताने उपटले की बारीक मुळे तुटतात, गाठी ढेकळातच राहतात. चांगल्या ओळीची नोंद ‘कमजोर’ अशी होते आणि जनुक कुठे आहे याचा नकाशा चुकतो. चाळिसेक दिवसांनी रोप फावड्याने ढेकळासह काढावे, बादलीत भिजवून चाळणीवर धुवावे. काही गाठी ब्लेडने कापून पाहाव्यात : आत गुलाबी-लाल दिसली तर गाठ नत्र बांधते आहे, हिरवट किंवा पांढरी असेल तर नाही. बाकीच्या वाळवून वजन करावे. या वाफ्यांना युरिया देऊ नये. नत्र आयते मिळाले की रोप गाठी कमी धरते आणि ओळींमधला फरक झाकला जातो. जिवाणू न लावलेले वाफे आधी पेरावेत, नाहीतर पेरणीयंत्रातून तो तिकडेही पोचतो.

एक गोष्ट नेहमी राहून जाते : गाठीत पाकिटातलाच जिवाणू आहे की जमिनीतला जुना? गाठ बाहेरून निर्जंतुक करून ठेचावी आणि पीसीआर या डीएनए चाचणीने जिवाणूचा प्रकार तपासावा. हे केल्याशिवाय यशाचे श्रेय पाकिटाला देता येत नाही, अपयशाचा दोषही नाही.

नागपुरात कृषी महाविद्यालय आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालयही इथेच आहे. दोघांनी मिळून काटोल, उमरेड आणि रामटेकच्या जमिनींत प्रचलित वाणांची अशी मोजणी करावी. नव्या वाणाच्या माहितीपत्रकात उत्पादनाच्या आकड्याशेजारी दोन रकाने असावेत : जिवाणू लावून आणि न लावता मिळालेले गाठींचे कोरडे वजन.

आपले,
मृदा सूक्ष्मजीवशास्त्र व वनस्पती आनुवंशिकीचे अभ्यासक, नागपूर