अपॉइंटमेंटचं राहू दे, आधी अर्ज टाक

चि. बाळा,

काल तू फोन कट केलास त्याचा राग नाही मला. "पप्पा, तुम्ही रोज तेच विचारता" म्हणलीस, खरंय, म्हणून आज फोन न करता लिहायलोय. एकदाच लिहितो अन् विषय बंद.

पासपोर्टवरचा डी व्हिसा म्हणजे जर्मनीत शिरायची परवानगी, पुढं राहून शिकायचं परमिट वेगळं, ते तिथल्या आऊसलेंडरबेहोर्डमधून, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसातून निघतं. त्यांची अपॉइंटमेंट व्हिसा संपल्यावरची मिळाली तर मिळू दे, पण अर्ज स्टिकरवरच्या तारखेच्या आत गेला पाहिजे. आत गेला की निकाल लागेपर्यंत तू कायद्यानं राहू शकतीस, तसं ते लेखी पण देतात, फिक्शन्सबेशायनिगुंग. नुसता स्लॉट बुक झाला म्हणजे अर्ज झाला असं धरून बसू नको. ऑनलाइन टाक नाहीतर पोस्टानं टाक, पोच मात्र जपून ठेव.

अन् आधी ते अनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, अन् तू म्हणतीस मालक गावाला गेलाय! मेल कर त्याला. इन्शुरन्स, युनिव्हर्सिटीचं एनरोलमेंट, ब्लॉक अकाउंटचा (राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवलेलं खातं) कागद सगळं एका फाइलीत लाव. त्यात ११,९०४ युरो भरताना लोनच्या कागदावर तुझ्या आईनं पण सही केली, ते बोलून दाखवायचं नव्हतं, निघून गेलं. लेक्चर झालं, माफ कर.

तुझ्या जातीच्या व्हॅलिडिटीच्या वेळचं आठवतं का? आजोबाच्या निर्गम उताऱ्यासाठी निलंग्याच्या शाळेत गेलतो, क्लार्क म्हणला जुनं रजिस्टर सापडत नाही, अन् तू कपाटापाशी खाली बसलीस अन् एकेक पान उलटून नाव काढलंस. दहावी झालेली पोरगी! मी नुसता बाजूला उभा होतो, येताना एसटीत आख्ख्या गाडीला सांगावं वाटत होतं ही माझी लेक म्हणून. तू कागदाला भ्यायची नाहीस मला माहितंय, पण तिथं आपलं कुणी नाही, रात्री दोनला जाग येते अन् ती तारीखच डोळ्यापुढं येते. आईला सांगितलं नाही मी, तू पण सांगू नको.

पार्ट टाइम कामाचं राहण्याचं परमिट हातात आल्यावरच बघ. वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे ती कुठं पळून जात नाही.

मामाचा रिपोर्ट नॉर्मल आला. आक्कानं काळा मसाला दिलाय, कुणी येणारं असलं तर कळव.

व्हिसाच्या स्टिकरचा फोटो पाठव, तारीख नीट दिसंल असा. अन् मालकाला मेल आजच कर.

पप्पा