सात वाजेपर्यंत थांबलेल्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण श्रीवर्धन तालुक्यात ज्यांच्या घरची इन्व्हर्टरची बॅटरी तुम्ही बघितली आहे, ते बरोबर ओळखतील. त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा आईच्या औषधांची वेळ झाली होती आणि माझ्याकडून धड दोन शब्दही बोलणं झालं नाही. ते राहून गेलेलं आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची सुपारीची वाडी आडवी झाली, खांब पडले आणि कित्येक आठवडे लाईट नव्हती. तेव्हा आई धडधाकट होती. कंदील आणि मेणबत्त्यांवर निभावून नेलं. पुढे तिच्या फुप्फुसांनी दगा दिला, डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, आणि तेव्हापासून पंखा थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा. इन्व्हर्टर घेतला तो मशीनसाठीच. साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा, 150 एएच साठवणीच्या ट्युब्युलर बॅटरीसकट. 'पाच तास बघायला नको,' असं सांगून एका दुकानदाराने तो बसवून दिला. दीड वर्षात पाच तासांचे चाळीस मिनिटं झाले. मग एका रात्री अडीच वाजता मशीन शिट्टी वाजवत बंद पडलं. लाईट येईपर्यंत मी आईला पाठीशी उशा लावून बसवलं आणि तिचे श्वास मोजत राहिले.

विचारेन तिथे एकच उत्तर मिळालं, बॅटरी गेली, नवी टाका. मी पैसेही काढून ठेवले होते. तुम्ही टेम्पोत नवी बॅटरी घेऊनच आला होतात, पण ती उतरवली नाहीत. आधी जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलंत. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं. मग एकेक बूच काढून हायड्रोमीटरच्या, म्हणजे बॅटरी किती भरली आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, आतलं आम्लाचं पाणी ओढलंत, नळी डोळ्यांसमोर धरलीत आणि मला टॉर्च मारायला सांगितलंत. बॅटरीच्या सहाच्या सहा घरांत, म्हणजे कप्प्यांत, आकडा 1150 ते 1180; आकडा जितका खाली, तितकी बॅटरी रिकामी. मला वाटलं, संपलं. तुम्ही मात्र म्हणालात, 'सगळी घरं सारखीच खाली आहेत. एखादंच घर मेलं असतं तर गोष्ट वेगळी. ही उपाशी आहे, हिला चार्जच मिळत नाहीये.'

लाईट तर दिवसभर असते, मी म्हटलं. त्यावर तुम्ही हातातली पिशवी खाली ठेवलीत. 'मग सात वाजेपर्यंत थांबतो.'

दादा, हे पत्र मुख्यतः त्या थांबण्यासाठी आहे. दुपारी चारपासून सातपर्यंतचे तीन तास कोण देतं? सातला तुम्ही प्लगमध्ये मीटरच्या सुया घातल्यात. 168 व्होल्ट. सगळ्या आळीत त्याच वेळी पंप, टीव्ही, मिक्सर सुरू होतात आणि आमचं घर लाइनच्या शेवटच्या टोकाला. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर होता. 180 च्या खालची लाईट तो घेतच नाही, गुपचूप बॅटरीवर जातो. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, आम्हाला वाटतंय लाईट आहे. समोरचा लाल दिवा बंद कपाटात बघणार कोण! रोज सात ते अकरा बॅटरी रिकामी होत होती. ती भरायला दहा-बारा तास लागतात, आणि अडीचला लाईट गेली म्हणजे तिला मिळाले होते जेमतेम साडेतीन.

मोड बदलून तुम्ही लगेच मोकळे झाला असतात. पण मग तेच 168 व्होल्ट थेट आईच्या मशीनला गेले असते, हे तुमच्या लक्षात आलं. म्हणून इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावलात. बॅटरी कपाटातून काढून पडवीत आणलीत, कारण चार्ज होताना निघणारा गॅस कोंडला तर स्फोटाला एक ठिणगीही पुरते. टर्मिनल सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून व्हॅसलीन लावलंत. मी बाटलीतलं फिल्टरचं पाणी घालायचे, त्यावर रागावला नाहीत. फक्त 'यापुढे डिस्टिल्ड वॉटर' म्हणालात. दुसऱ्या दिवशी रात्री परत आलात तेव्हा पाच घरं 1240 वर होती, सहावं 1220 वर. नवी बॅटरी टेम्पोतच परत गेली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मी विचारलं, आता पाच तास चालेल ना? तुम्ही जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशोब मांडलात. 12 व्होल्ट गुणिले 150 एएच, म्हणजे 1800 वॅट-तास. त्यातलं इन्व्हर्टर खातो ते वजा, बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नाही म्हणून तेही वजा, मशीन 300 वॅटचं. खाली लिहिलंत, 'तीन तास. पुढे सिलिंडर.' दुसरी बॅटरी घ्या म्हणाला असतात तर मी त्याच पावली घेतली असती. तुम्ही त्याऐवजी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर घरात ठेवायला लावलात आणि लाईट गेली की घड्याळ बघायची सवय. तो कागद आता मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे.

गेल्या महिन्यात पाऊस-वाऱ्यात रात्री एकला लाईट गेली, ती पहाटे सव्वासहाला आली. तीन तास मशीन, मग सिलिंडर. बदलताना आईला जाग आली, तिने विचारलं 'काय झालं गं?' आणि मी उत्तर देईपर्यंत परत झोपलीसुद्धा.

दर पंधरा दिवसांनी मी सहाही घरांचे आकडे वहीत लिहिते. सहावं घर अजून मागेच आहे, पण 1230 वर आलंय. आणि हो, तुमचा हायड्रोमीटर आमच्याकडेच राहिला आहे. तो न्यायला या, पण जेवायच्या वेळेला या. आईने रस-घावण्यांचं कबूल केलंय, आणि घावणे ती स्वतः घालणार म्हणते.

तुमची,
शेवटच्या खांबाजवळची ताई